काच खाली घे

मी मागच्या सीटवरचं हेल्मेट बोलतोय. पुढच्या माणसाचं नव्हे हां, त्याला पोलिसांमुळे तरी मान मिळतो. मागच्याला कोण विचारतो? पण सध्या माझ्या कपाळावर सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजराच, बांधलाय, अजून घमघमणारा, आणि हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी खरेदी चिपळूणच्या बाजारात झाली. ऋत्विक तेव्हा रत्नागिरीत बोटींची इंजिनं दुरुस्त करायच्या कामाला नुकताच लागला होता. हेल्मेटं रत्नागिरीतही मिळतात. पण इथला दुकानदारच विचारणार, मागे कोण बसणार रे? म्हणून स्वारी चिपळूणला. त्याने ना आकार बघितला, ना पट्टा. एवढंच विचारलं, "ह्याच्याहून काळी काच आहे?"

ती काच दर्शनासाठी होती, त्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणीसाठी. घरी कळलं असतं तर तिचं शिक्षण बंद झालं असतं, आणि रत्नागिरी ती केवढी? मारुती मंदिराच्या चौकात शिंकलात तर मिरकरवाड्यात कोणीतरी विचारतं, सर्दी झाली काय. म्हणून शहराच्या वेशीवरचं शिरगाव आलं की ऋत्विक मान न वळवता म्हणायचा, "काच खाली घे." खट्कन मी मिटायचो, आत दर्शना खुदखुदायची. खोटं कशाला बोलू, मलाही मजा यायची.

पुढे तिच्या घरच्यांनी तिचं लग्न मुंबईत ठरवलं. तिला नाही म्हणता आलं नाही. ऋत्विकने मला माळ्यावर टाकलं, आणि तिथे मी कोळिष्टकं पांघरून वर्षानुवर्षं पडून राहिलो.

यंदा त्याने मला खाली काढलं तेव्हा मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. आता मागे बसणार होती लांज्याची वेदिका, रत्नागिरीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. स्थळ नात्यातून आलेलं, दोन्ही घरं खूश. थोडं फिरा, बोला, मग साखरपुड्याचं बघू, असं मोठ्यांनीच सांगितलेलं. होकार तेवढा वेदिकाने राखून ठेवला होता. तिचं डोकं माझ्यात असं बसलं, जणू मापच घेतलं होतं.

पहिल्याच फेरीत शिरगाव आलं आणि ऋत्विक म्हणाला, "काच खाली घे." धुळीमुळे म्हणत असेल, असं समजून तिने घेतली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेला तिचा हात काचेपाशी येऊन थबकला. अरे देवा, मला काय वाटलं असेल! ऋत्विकला स्वतःचं वाक्य ऐकूसुद्धा येत नव्हतं. ते ब्रेक दाबल्यासारखं आपोआप निघत होतं. आणि मला बोलायची सोय नाही.

परवा रविवारी दोघं मालगुंडला गेली. किनाऱ्यावर वेदिका म्हणाली, "उद्या घरी हो सांगते." मी गाडीच्या आरशाला लटकलेलो, तिथल्या तिथे गरगर फिरलो. परतताना साखरतरचा पूल ओलांडला, शिरगाव आलं, आणि ह्या शहाण्याने पुन्हा म्हटलंच, "काच खाली घे."

"गाडी थांबव," वेदिका म्हणाली. खाली उतरून तिने मला काढलं. "उद्या मी काही सांगणार नाही. तुला माझी लाज वाटते काय रे?"

"लाज? कसली गो?"

"इथे आलं की दर वेळी तोंड झाकायला लावतोस."

"मी?" त्याने तिच्या हातातल्या माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो रस्त्याकडेच्या कुंपणाच्या चिरेबंदी गडग्यावर जाऊन बसला आणि दर्शनाचं सगळं सांगून मोकळा झाला. "ती गेली तेव्हाच ते संपलं. पण वाक्य माझ्या तोंडात राहिलंय, ते मलाच ठाऊक नव्हतं."

वेदिकाने माझा पट्टा बोटाला गुंडाळला. "माझाही एक होता, लांज्यात," ती म्हणाली. "चारचौघांत भेटला की म्हणायचा, ही आमच्या वर्गातली. शेवटपर्यंत मी वर्गातलीच राहिले. त्याच्या लग्नाची पत्रिकापण मला वर्गाच्या ग्रुपवर मिळाली. तेव्हाच ठरवलं, लपवून ठेवणाऱ्याच्या घरी जायचं नाही."

आता बोला. त्याने जे जपण्यासाठी म्हटलं, ते हिला थपडेसारखं लागलं, आणि खोटं कोणीच वागलं नव्हतं. माणसं नव्या घरात राहायला येतात, पण अंधारात दिव्याचं बटण जुन्याच जागी चाचपतात.

"मग आता?" ऋत्विकने विचारलं.

"आता मारुती मंदिराला चल. काच वर राहील. आणि तिथे थांबव."

तिथे मथुराकाकी फुलं विकायला बसते. ऋत्विकच्याच आळीतली. तिला दिसलं ते दिवेलागणीच्या आत त्याच्या आईला कळतं. पण मला कसली भीती! उघड्या तोंडाने मी गावात पहिल्यांदाच शिरत होतो. दुकानांच्या पाट्या, आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो, वडे तळणारा, सगळं कसं लख्ख.

काकी आम्हाला बघून उठलीच. "अगो बाय, मागेही हीच काळी काच पाडून फिरायचीस, आज तोंड दाखवलंस होय."

ऋत्विक पांढराफटक. वेदिकाला नुसतं हसून वेळ मारून नेता आली असती.

"ती मी नव्हे, काकी," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "ती दर्शना होती. तिला लपावं लागायचं. मी वेदिका. आमचं लग्न ठरलंय."

ऋत्विकने गर्रकन मान वळवली. "ठरलं?"

"काकींना सांगितलं ना? म्हणजे तुझ्या आईलाही सांगून झालं."

काकी हसत सुटली. तिने वळेसर उचलला, पण केसांवर मी बसलेलो. मग तिने तो माझ्यावरच बांधला. तोच हा.

काल ऋत्विकने काळी काच काढून साधी, आरपार दिसणारी बसवली. नवीन हेल्मेट घेऊ म्हणत होता, पण वेदिका म्हणाली, "हेच राहू दे, डोक्याला बरोबर बसतंय." हे ऐकून मला रडू आलं असतं, पण हेल्मेटला ती सोय नाही.

तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं काहीतरी असेलच. ते टाकून द्या असं मी कशाला म्हणू? फक्त मागे बसलेल्या माणसाला एकदा विचारा, मी बोलतो ते तुला कसं ऐकू येतं?

चला, गाडी सुरू झाली. शिरगाव आलं आणि सवयीने ऋत्विकचं तोंड उघडलं, "का..."

"वरच आहे," वेदिका मागून म्हणाली, आणि तो एवढा हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.