टोकं नसलेली पानं

काकांनी चौतीस वर्षं कॉलेजच्या वनस्पती विभागात एकच काम केलं. बाहेरून आलेल्या फांद्या रद्दीत दाबायच्या, वाळल्या की जाड कागदावर चिकटवायच्या आणि खाली सुंदर अक्षरात नाव लिहायचं. नाव अर्थात सर सांगायचे, पण ही गोष्ट काका घरी बोलत नसत. गल्लीत सगळे त्यांना वाळवणकाका म्हणत, आणि काकूंना नवऱ्याच्या विद्येचं कौतुक तेवढंच होतं. "जन्मभर पाला चिकटवला, आणि भाजीला पाठवलं तर भलतीच जुडी उचलून आणतात," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

म्हणूनच परसातल्या कुंपणावर कुणी न लावलेला वेल चढला आणि काकूंनी विचारलं, "अहो, हे काय उगवलंय? उपटून टाकू?" तेव्हा 'माहीत नाही' म्हणणं काकांच्या जिवावर आलं.

"रानकंद आहे तो," त्यांनी ठोकून दिलं. "खणून बघ खाली."

खाली खरोखरच कंद निघाला, दोन फाट्यांचा. काकांची छाती फुगली.

"खातात का हा?"

"न खायला काय झालं? उकडला की रताळ्यासारखा लागतो." काकांनी तो आयुष्यात चाखला नव्हता, तरी काकूंनी 'नक्की ना?' विचारल्यावर त्यांनी ठामपणे मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी कंद उकडला आणि मीठ लावून खाल्ला. काकांना कंदमुळं सोसत नसत, ते चहावर राहिले. दुपार व्हायच्या आत काकूंना उलट्या नि जुलाब सुरू झाले, आणि दोनच्या सुमाराला त्या हॉस्पिटलच्या खाटेवर पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"नेमकं काय खाल्लं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नाव कळलं तर पुढे काय होणार ते कळेल. तशी तयारी ठेवता येईल."

"रानकंद," काका म्हणाले.

"कुठला?"

काका उठले. घरी जाऊन वेलाचा तुकडा पिशवीत घालून ते तडक कॉलेजात गेले. त्यांच्या जागेवर आता एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी वेल हातात घेतला मात्र, त्यांचा चेहरा उतरला.

"काका, ही कळलावी आहे. पानाचं टोक बघा ना, कसं गुंडाळून घेतलंय. वेल त्यावरच चढतो. विषारी असते ही, त्यातही कंद जास्त."

खात्रीसाठी त्यांनी कपाटातून जुना कागद काढला. खाली 'कळलावी' लिहिलेलं होतं, काकांच्याच अक्षरात. वर फूल होतं, विटलेलं. पानं मात्र सरळ होती, एकालाही टोक नव्हतं.

"किडीनं खाल्लेली दिसतात," मॅडम म्हणाल्या.

ती किडीनं खाल्लेली नव्हती. वळलेली टोकं कागदावर सपाट बसत नसत, गबाळी दिसत, म्हणून काकांनी छोट्या कात्रीनं ती एकेक करून छाटली होती. सरांनी तेव्हा पाठ थोपटली होती. वेलाची पिशवी उचलून काका हॉस्पिटलकडे निघाले.

नाव ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं.

"यावर उतारा नाही, काका. सलाईन चालू ठेवू, रक्त तपासत राहू. उद्या उलट्या थांबतील, त्यांना बरं वाटेल. त्यावर विसंबू नका. खरं काय ते पुढच्या तीन-चार दिवसांत कळेल, आणि मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

 

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उशीला टेकून बसल्या होत्या. नर्स सलाईनची बाटली बदलत होती.

"ते झाड कुठलं ते आमच्या ह्यांनीच शोधून काढलं बरं का," काकू तिला सांगत होत्या. "चौतीस वर्षं त्याच कामात होते. मीच मेली उगाच नावं ठेवायची."

परक्या माणसासमोर काकूंनी नवऱ्याचं कौतुक करण्याची ही पहिलीच वेळ होती. नर्सनं काकांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"घरी कधी सोडतील हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी त्यांचा हात धरला. तो हात गरम होता.

"एक-दोन दिवसांत," ते म्हणाले.

काकूंनी मान डोलावली आणि डोळे मिटले. या खेपेला त्यांनी 'नक्की ना?' असंही विचारलं नाही.