फुर्तादो मिस्त्रींचा शब्द

"मेला तरी ठोकायचा थांबला नाही बघा," दोना इर्मेलिंदा दारातच म्हणाल्या. "नवरा गेला त्याला सहा आठवडे झाले. पण आबिलियूच्या खोलीतला हा रेडिएटर रोज सकाळी धाडधाड करतो. काढूनच टाका, मिस्त्री."

लिओनेल फुर्तादोंनी बुटांवरचा बर्फ झटकला. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या कितीतरी तळघरांतले वाफेचे बॉयलर त्यांनी एकेचाळीस वर्षं जगवले होते. गावातले पोर्तुगीज त्यांना नुसतं 'मिस्त्री' म्हणत, आणि मिस्त्रींचा शब्द पाद्र्याच्या शब्दापेक्षा बोटभर वरच. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"काढायची घाई नको. आधी का ओरडतोय ते बघू."

खोली तापवणाऱ्या त्या लोखंडी रेडिएटरवर त्यांनी पाणसळ ठेवली. उतार नळाकडेच होता, म्हणजे तिथे चूक नव्हती. मग ते व्हॉल्व्ह बघायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. व्हॉल्व्ह अर्धा मिटलेला होता. मुठीवर पांढऱ्या रंगाची रेघ होती, भिंतीवर तिच्यासमोर दुसरी, आणि खाली आबिलियूच्या नीटस अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'अर्धा. मिस्त्रींनी सांगितलं.'

या घरात वाफ वर येते आणि तिचं पाणी खाली जातं, दोन्ही एकाच नळातून. व्हॉल्व्ह अर्धा मिटला की पाणी वाटेतच अडतं, आणि मागून येणारी वाफ त्याला धडका देते. पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. या धंद्यात हे पहिल्या हिवाळ्यातच शिकायचं असतं.

चौदा वर्षांपूर्वी आबिलियूनं त्यांना याच घराच्या जिन्यात गाठलं होतं. "इर्मेलिंदाला फार उकडतं हो, काय करू?" त्या दिवशी तीन घरं खोळंबली होती. "अर्धा मिटव की," असं म्हणून मिस्त्री उतरून गेले होते.

"त्याच हिवाळ्यात मी मागच्या खोलीत झोपायला गेले," दोना इर्मेलिंदा सांगत होत्या. "या ठोकाठोकीत झोपणार कोण? त्याला म्हटलं, तूच काहीतरी उचापत केलीयस. तर म्हणायचा, मिस्त्रींनी सांगितलंय. मी म्हणायची, मिस्त्रींना काम कळतं, तुलाच नीट ऐकता येत नाही. खेचर होता नुसता."

खोटं बोलणं सोपं होतं. जुनं घर, जुना नळ म्हणायचं, मूठ फिरवायची आणि निघायचं. आबिलियू काही साक्ष द्यायला येणार नव्हता. हा विचार आपल्याला सुचला याचीच मिस्त्रींना लाज वाटली.

"त्यानं नीटच ऐकलं होतं," ते म्हणाले. "मीच चुकीचं सांगितलं. व्हॉल्व्ह अर्धा ठेवायचाच नसतो. तुम्हाला उकडतं म्हणून तो विचारायला आला होता, आणि मी घाईत होतो."

"मला उकडतं म्हणून?"

"हो."

दोना इर्मेलिंदा पलंगाच्या कडेला बसल्या. "मला वाटायचं, मला छळायला करतो."  मग म्हणाल्या, "दर वर्षी बॉयलर बघायला येत होतात तुम्ही. एकदा वर येऊन बघितलं नाहीत."

"कोणी बोलावलं नाही," असं मिस्त्री म्हणून गेले, आणि लगेच म्हणाले, "नाही. मीच आलो नाही."

त्यांनी मूठ फिरवून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. नळात गुरगुर झाली, अडलेलं पाणी खाली गेलं, आणि वाफ बारीक फुसफुसत वर आली. एवढंच काम होतं.

"भिंतीवरचं पुसून देऊ?"

"नको. अक्षर त्याचं आहे."

मिस्त्री हत्यारं गोळा करून निघाले. दोना इर्मेलिंदांनी कॉफी विचारली नाही, ते बरंच झालं. जिन्याशी पोचल्यावर मिस्त्रींनी वळून पाहिलं. मागच्या खोलीतून आपली उशी छातीशी धरून त्या आल्या. ती थोपटून त्यांनी पलंगावर भिंतीच्या बाजूला ठेवली, आणि आबिलियूची उशी तिच्या शेजारी सरळ केली.