एकोणीस पोकळ लठ्ठे

आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाचा लठ्ठा आतून भरीव की पोकळ, हे हातोडीने ठोकून सांगायचं काम बावीस वर्षं माझं. भरीव लठ्ठा खणखणतो, पोकळ बद्द वाजतो. या कानांची मला घमेंड होती आणि ती मी लपवतही नसे.

दिवाळीआधी डेंग्यू झाला. हिरड्यांतून रक्त, अंगभर लाल ठिपके, प्लेटलेट पार तळाला. सहा दिवस दवाखान्यात काढून वाचलो आणि घरी दोन दिवसही न थांबता कामावर गेलो. माझी बायको केसरबाई नको नको म्हणत होती. ऐकतो कोण!

त्या सकाळी एकोणीस लठ्ठे ठोकले. एकोणीसच्या एकोणीस पोकळ. वर त्यांच्यावरचे आकडेही मधोमध पुसलेले. आकडे रंगवायचं काम सुकरीबाईचं, म्हणून तिच्यावरच उखडलो.

"रंगात पानी घालतं का तू? अन् हा सारा माल पोला आहे. जळाऊ लाकडात टाका!"

"माल चांगला आहे, भाऊ."

"बावीस वर्स झाले मले. तू शिकवतं?"

ती वाद घालत बसली नाही. हाताला धरून मला पलीकडच्या थप्पीकडे नेलं आणि एक लठ्ठा दाखवला. मी ठोकला. बद्द.

"पोला," मी म्हणालो.

तिने माझं बोट धरून लठ्ठ्याच्या तोंडावर फिरवलं. बोटाला ठोकलेली खूण लागली. माझीच खूण! तापाआधी भरीव म्हणून मीच पास केलेला लठ्ठा होता तो. एवढी मोठी खूण समोर असून मला दिसली नव्हती.

"लाकडाले काई नाई झालं, भाऊ. तुमच्या कानाले अन् डोयाले झालं. आत्ताच गडचिरोलीले चला."

कान गेले तर डेपोत मला विचारतो कोण? हातातलं काम टाकून सुकरीबाई माझ्यासोबत एस.टी.त बसली.

गडचिरोलीच्या दवाखान्यात मला तपासून डॉक्टर तहसीन म्हणाल्या, "डेंग्यूनंतर क्वचित कानाच्या नसेवर आणि डोळ्याच्या पडद्यावर असा परिणाम होतो. समोरचं बोलणं ऐकू येतं, पण खणखणीत आवाज बद्द लागतो. लगेच आलात हे फार बरं केलंत. उशीर झाला असता, तर कानाचं काही सांगता आलं नसतं."

औषधं सुरू झाली. डोळ्यासमोरचा डाग फिका होत गेला, जरासा अजून आहे. कान सुधारतोय असं डॉक्टर मशीनवर तपासून सांगत, पण माझा विश्वास बसेना. घरी पारख होईना, कारण केसरबाई मुळातच मोठ्याने बोलते.

महिन्याने डेपोत गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, त्या दिवशी तुमच्यावर ओरडलो, माफ करा. तुमी नसत्या तर लाकडाले शिव्या देत देत मी बहिरा झालो असतो."

इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं. सुकरीबाई हसली, माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू बोलली.

"तुमचं ओरडनं मले आयकू आलं होतं, भाऊ. हे तुमाले आलं काय?"

आलं. शब्द न् शब्द आला. मी "हो" म्हणालो आणि सगळ्यांदेखत रडलो.