व्हॉल्व्हवालीच्या घरची ऊब

गल्लीत तिला सगळे व्हॉल्व्हवाली म्हणत. काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह असलेले जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारं आता तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. नवरा शीतगृहात मुकादम होता. बटाटे, लोणी, सफरचंदं यांच्या पेट्या लावून घ्यायच्या आणि बाराही महिने कानटोपी घालून हिंडायचं, असं त्याचं काम.

घरातला अ‍ॅम्प्लिफायर तिनं स्वतःच्या हातानं बांधला होता. जात क्लास ए. गाणं मोठं असो, हळू असो की मुळीच नसो, पठ्ठ्या वीज तेवढीच पिणार आणि खोलीभर उष्णता ओकणार. नवरा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याची बोटं काठीसारखी झालेली असायची. कोटही न काढता तो त्या नारिंगी व्हॉल्व्हसमोर तळहात धरून बसायचा. ती रेकॉर्ड लावायची आणि दोघं शेंगा सोलत ऐकायची. इतरांना मात्र ती खोली सोसायची नाही. त्याची थोरली बहीण एकदा उन्हाळ्यात राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून दारात उभी राहिली.

"वहिनी, गाणं गोड आहे गं तुझं, पण मला अजून थोडे दिवस कच्चीच राहू दे!"

पुढे त्याचे सांधे धरायला लागले. डॉक्टरीणबाईंनी थंडीचं काम बंद म्हणून सांगितलं. ओळखीनं पावाच्या बेकरीत नोकरी लागली, तीही नेमकी भट्टीवर. लोक आगीतून फुफाट्यात पडतात, हा बर्फातून थेट भट्टीत पडला. उन्हाळा सुरू झाला, तसा तो दिवसभर भाजून घरी यायचा आणि खोलीचं दार उघडलं की आतली झळ तोंडावर यायची.

पण बायकोला सांगणार कसं? मग सबबी सुरू झाल्या. एके दिवशी सायकलची साखळी पडली होती. दुसऱ्या दिवशी खालच्या चांभाराशी बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला होता. तिसऱ्या दिवशी काही सुचेना, म्हणून तो नुसताच जिन्यात बसला. आत ती रेकॉर्डची एकच बाजू लावायची आणि बंद करायची. जिन्यात त्याला ते ऐकू यायचं.

आठव्या दिवशी ती चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली आणि त्याच्या वरच्या पायरीवर बसली.

"खरं सांगा. इतकी वर्षं गाणं ऐकत होता, की नुसते हात शेकत होता?"

त्याला खोटं जमायचं नाही. बोलायला गेला की कान लाल व्हायचे.

"पहिली दोन वर्षं हातच शेकले," तो म्हणाला.

"आणि मग?"

"मग एकदा रेकॉर्ड अर्ध्यात असताना वीज गेली. हात गार पडले, त्याचं काही नाही वाटलं. पण गाणं तुटलं, तर घास उतरेना."

ती हसली, मग एकदम डोळे पुसायला लागली. "मग तोंड शिवलं होतं का? मला वाटलं, माझाच कंटाळा आला."

"तू लेकरासारखा बांधलास तो. खोली तापते म्हणून त्या अ‍ॅम्प्लिफायरला बाहेर काढ म्हणू?"

पंधरा दिवसांत तिनं डब्याएवढा एक न तापणारा, गार अ‍ॅम्प्लिफायर जोडला. त्यानं पूर्ण बाजू ऐकली. "छान आहे," म्हणाला, आणि कान लालबुंद.

"कळलं," ती म्हणाली.

तेव्हा त्यानंच बाह्या सरसावल्या. खोलीला लागून अडगळीची एक बोळकांडी होती. "भिंतीच्या एका बाजूला थंडी आणि दुसऱ्या बाजूला ऊन ठेवणं, जन्मभर दुसरं केलंय काय मी?" अ‍ॅम्प्लिफायर बोळकांडीत गेला, तारा भिंतीतून खोलीतल्या स्पीकरला आल्या. व्हॉल्व्ह दिसायला हवेत म्हणून ती अडून बसली, तेव्हा भंगारवाल्याकडून जाड काच आणून त्यानं भिंतीत बसवली. मग सवयीनं एकूण एक फट बुजवून टाकली. अर्ध्या तासात अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर इतका तापला, की हात लावता येईना. ती धावत जाऊन बटण बंद करून आली.

"अहो, हे काय लोणी आहे? याला कोंडायचं नसतं, मोकळं सोडायचं असतं!"

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं बोळकांडीच्या बाहेरच्या भिंतीला खाली चार, वर चार भोकं पाडली. खालून गार वारा आत शिरायला लागला, वरून गरम हवा बाहेर.

त्या संध्याकाळी तो बनियनवर गार फरशीला पाठ टेकून पडला. ती काचेशी बसून व्हॉल्व्ह हळूहळू पेटताना बघत होती. गाणं सुरू झालं. एक बाजू संपली, सुई खरखरत राहिली, तरी कोणी हलेना.

"उठा," ती म्हणाली, "आज रेकॉर्ड उलटायची पाळी तुमची."

तो कण्हत, गुडघ्यावर हात टेकत उठला.