बावीस नंबरचा ठिपका

"सिस्टर, हा एकच ठिपका माझ्या रेषेत बसत नाहीये," म्हणत डॉक्टर पूनमनी आलेख उघडलेला लॅपटॉप कस्तुराकडे फिरवला. "बावीस नंबर. चार वर्षांची मुलगी होती. आठवतेय?"

कस्तुरा म्हणजे आमची मंडळी. तळवड्याकडच्या एका रुग्णालयात, लहान मुलांच्या वॉर्डात एकोणीस वर्षं नर्स आहे. मी सयाजी, चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. माझी फर्स्ट शिफ्ट सुटली की तिला स्कूटरवर घेऊन दिघीला घरी जायचं, हा आमचा रोजचा नेम. म्हणून मीही तिथेच, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो होतो.

डॉक्टर पूनम दोन वर्षं एक गणित मांडत होत्या. मुलांना अँटिबायोटिक वजनावर देतात, पण नुसतं वजन बघून भागत नाही. कस्तुराने मला हे स्वयंपाक करता करता समजावलं होतं. "अहो, पाच दिवसांच्या बाळाची किडनी अजून काम शिकतीय. औषध आत रेंगाळतं. तेच चार वर्षांचं पोरगं भराभरा लघवीतून टाकून मोकळं होतं. दोघांना एकच माप लावून कसं चालंल?" मग कोणत्या वयाला किती आणि किती तासांनी, हे ठरवायला डोसनंतर थोडं रक्त घेऊन आत औषध किती उरलंय ते बघायचं. आईबापांच्या परवानगीने अशी एकशे बारा मुलं झाली, आणि जवळपास सगळ्यांचं रक्त कस्तुराने घेतलेलं. रडणाऱ्या पोराची शीर तिला सापडते तशी कुणाला सापडत नाही. नवरा म्हणून सांगत नाही, वॉर्डात कुणालाही विचारा.

त्या कागदावर वेळ आधीच छापलेली असायची. डोस नऊला, रक्त दहाला. खाली नुसती सही करायची, वॉर्डात सगळ्यांची तीच रीत. आमची बाई मात्र छापील दहा खोडून दहा सतरा, दहा नऊ असं लिहायची. बाकीच्या चिडवायच्या, "सेकंद राहिले की हो सिस्टर!" हे खूळ तिला मीच लावलं. कंपनीत आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी बजावतो, ड्रॉइंगवरचं माप लिहायचं नाही, मोजलेलं लिहायचं.

"हिच्या रक्तात औषध फारच कमी आलंय," डॉक्टर पूनम म्हणाल्या. "माझ्या गणिताप्रमाणे दहा वाजता एवढं कमी होऊच शकत नाही. उद्या रुग्णालयाची समिती बसतेय. गणितच चुकलं असेल तर वयाप्रमाणे डोसाचा तक्ता मांडायचा कुठल्या तोंडाने?"

कस्तुराने फाइलमधून कागद काढला. छापील दहा तसेच होते, खोडलेले नव्हते. खाली तिची सही.

तिने त्या सहीवर बोट टेकवलं. तिला काहीतरी आठवलंय हे मला कळलं. एक कागद खोटा निघाला तर बाकीच्या एकशे अकरांवर कोण विश्वास ठेवणार? एकोणीस वर्षांचं नाव मातीत! खरं सांगतो, मला लाज वाटते, पण मीच मध्ये तोंड घातलं. "मशीनचा काहीतरी लोचा असंल मॅडम. आमच्याकडंबी होतं असं."

"तुमी गप बसा," कस्तुरा म्हणाली. चिडली की तिच्या तोंडी लातूर येतं. "मॅडम, ही वेळ खोटी हाय. त्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या पोराला झटका आला. सगळ्याच तिकडं धावलो. हिचं रक्त लई उशिरा घेतलं, आन् घाईत वेळ न खोडताच सही ठोकली. चूक माझी हाय. बाकीच्या कागदांवर शंका घेतली तरी मी नाव ठेवणार न्हाई."

"किती वाजले होते?"

"अंदाजानं सांगणार न्हाई. थांबा." तिने झटका आलेल्या मुलाची जुनी नोंद शोधून आणली. आयसीयूत पोहोचवल्याची वेळ तिच्याच अक्षरात होती, अकरा पंधरा. "तितनं थेट हिच्याकडं आले. म्हंजे अकरा वीसच्या आसपास."

डॉक्टर पूनमनी आपली वही उघडून आमच्यापुढे सरकवली. पंधरा दिवसांपूर्वीची तारीख, आणि खाली लिहिलेलं: बावीस नंबर, रक्त दहाला नव्हे, अकरा दहा ते अकरा तीसच्या दरम्यान घेतलं असावं.

"गणितालाच उलटं विचारलं होतं मी, एवढंच औषध उरायला किती वाजले असतील," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुमच्या तोंडात वेळ कोंबल्यासारखं झालं असतं."

आईशप्पथ, माझ्या अंगावर काटा आला. कागद खोटं बोलला होता आणि गणिताने त्याला पकडलं होतं!

"पण सिस्टर, हे गणित असं पकडू शकलं ते कशामुळे? तुम्ही इतर कागदांवर खाडाखोड करून खऱ्या वेळा लिहिल्यात म्हणून. उद्या हे मी समितीला सांगणार आहे. तुमच्या चुकीसकट."

"चुकीसकटच सांगा," कस्तुरा म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

महिन्याभराने तो तक्ता वॉर्डाच्या भिंतीवर लागला. आठवड्याच्या आतलं बाळ, महिन्याचं, वर्षाचं, चार वर्षांचं, प्रत्येकाची वेगळी ओळ. मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. खाली डॉक्टरांची चार नावं होती.

"तुझं नाव कुठंय गं?" मी तावातावाने विचारलं. मला ती साऱ्या जगाला दाखवावीशी वाटत होती.

तिने टेबलावरचा, तक्त्यातले डोस तपासत राहण्यासाठीचा नवा कागद माझ्यापुढे धरला. रक्ताची वेळ, असं छापलं होतं आणि पुढे नुसती रिकामी रेघ. छापील दहा गेले होते.

"हे काय," ती म्हणाली. मग एका तान्ह्या बाळाच्या कॉटपाशी गेली, त्याची चिमुकली टाच हातात घेतली, रक्त घेतलं, आणि मनगटावरचं घड्याळ बघून त्या रेघेवर लिहिलं, चार वाजून सात मिनिटं.

तिची ड्यूटी चारलाच संपली होती. मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिलो.