उड्डाणपुलावर घाट शिकलेली सायकल

मी एक जुनी निळी सायकल आहे. मित्रांनो, सायकलचं आयुष्य रस्त्यावर जातं असं तुम्हांला वाटत असेल. माझं बहुतेक आयुष्य जिन्याखाली गेलं. तिथून रस्ता दिसत नाही. दिसतात ती फक्त माणसांची पावलं, वर जाणारी आणि खाली येणारी.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यात झाला. ट्रकमधून मी सुरतेला आले आणि उधन्याच्या एका दुकानात बरेच दिवस छताला टांगलेली होते. एका रविवारी छगनभाऊ आले. ते कडोदऱ्याला यंत्रमागावर काम करायचे. दिवसभर मागाच्या खडखडाटात राहून त्यांना जरा मोठ्याने बोलायची सवय लागली होती. "पोरगी अकरावीला गेली," ते दुकानदाराला ओरडूनच म्हणाले, "गियरवाली पाहिजे तिला." मला खाली उतरवलं. दुकानापासून दिंडोलीतल्या घरापर्यंत ते माझ्यावर बसले नाहीत. हँडल धरून माझ्याबरोबर चालत आले. पहिल्यांदा योगितानेच बसावं, असं त्यांच्या मनात होतं.

योगिताने मला दोन वर्षं पळवलं. ती रोज मला पुसायची. तिच्या मैत्रिणी माझे गियर बदलून बघायच्या आणि मला 'निळी' म्हणायच्या. ते माझे कौतुकाचे दिवस. मग बारावी झाली, योगिता नर्सिंग शिकायला बडोद्याला गेली, तिथेच तिला नोकरी लागली. जाताना तिने मला जिन्याखाली साखळीने बांधलं. "मम्मी, हिला कोणाला देऊ नको हं," असं सांगून गेली. कोणी मला कोणाला दिलं नाही. कोणी हातही लावला नाही.

सात वर्षं गेली, मित्रांनो. टायरमधली हवा आपोआप जाते, ती जाताना आवाजही येत नाही. आधी मी रिमवर बसले, मग चेनीला गंज चढला, मग शेजाऱ्यांनी माझ्यावर मोडका कूलर ठेवला. दुर्लक्ष दुखत नाही. आपण आहोत हे आपल्यालाच हळूहळू पटेनासं होतं, एवढंच.

त्या काळात मी पावलं ओळखायला शिकले. छगनभाऊ पहाटे डबा घेऊन उतरत, पायऱ्या धडाधड वाजत. पाचव्या वर्षी एका सकाळी ती पावलं मधेच थांबली. ते खाली आले आणि माझ्या शेजारच्या पायरीवर बसले. एक हात माझ्या सीटवर होता, दुसरा छातीवर. घाम पुसून ते उठले आणि कामाला गेले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी योगिताची आई, उज्ज्वलाताई, मागोमाग आल्या.

"काय झालं हो? का बसले?"

"काही नाही. गॅस झालाय."

"योगिताला फोन लावू?"

"तिला कशाला? उगीच घाबरेल ती."

ताईंनी वर जाऊन ओवा आणला, छगनभाऊंनी तो चावला आणि ते गेले. चौथ्या दिवशी चार माणसांनी त्यांना उचलून खाली आणलं. ते परत जिना चढले नाहीत.

ते तीन दिवस इथे बसत होते हे सगळ्यांत जास्त मला ठाऊक होतं. पण मी काय सांगणार? माझी घंटीसुद्धा गंजली होती.

त्यानंतर दोन वर्षं त्या घरातून एकच पावलांची जोडी उतरायची. उज्ज्वलाताई रिंगरोडवरच्या बाजारात साड्यांच्या घड्या घालायला जात. दिवसभर शेकडो साड्या हाताखालून जात आणि संध्याकाळी त्या एकट्या जिना चढत. पहिल्या पायरीवर थांबून फोन कानाला लावत. "मजेत आहे बेटा. जेवले. हो, भाजी केली होती." मग फोन बंद करून थोडा वेळ तशाच उभ्या राहत. भाजीची पिशवी रिकामी असायची, हे मला खालून दिसायचं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावर जयश्रीबेन राहतात. त्या शाळेत शिकवतात आणि दर रविवारी बायकांचा सायकलचा ग्रुप घेऊन निघतात. त्या दिवशी त्या जिन्यात थांबल्या.

"उज्ज्वलाताई, तुम्हांला सायकल येते?"

"येत होती. पारोळ्याला असताना शिकले होते. आता काय."

"जानेवारीत आम्ही बारा जणी सापुताऱ्याला चाललोय. वघईपर्यंत टेम्पो, तिथून पुढे सायकलने घाट. अकरा झाल्या. चला ना."

ताई हसल्या. फार दिवसांनी मी ते हसणं ऐकलं. पण जयश्रीबेन वर गेल्यावर त्या गेल्या नाहीत. त्यांनी माझ्यावरचा कूलर खाली ठेवला, पदराने माझी सीट पुसली आणि साखळीची किल्ली शोधायला वर पळाल्या.

हेमराजभाऊंचं दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक पत्र्याची टपरी. ते मूळचे अमळनेरकडचे, अहिराणीच बोलायचे. त्यांनी मला उलटी केली, नवे ट्यूब-टायर घातले, ब्रेकचे रबर बदलले, चेन रॉकेलात बुडवून घासली. "ताई, इतला वरीस हिले कोंडी ठेवं?" ते म्हणाले. 

आता सुरत तर तळहातासारखी सपाट. इथे डोंगर आणायचा कुठून? म्हणून इथले सायकलवाले उड्डाणपुलावर घाट शिकतात. पुलाच्या एका टोकाने चढायचं, दुसऱ्या टोकाने उतरायचं, वळून पुन्हा चढायचं. सकाळी सहाला, गाड्या वाढायच्या आत, ताई मला घेऊन पुलाशी यायच्या. पहिल्या दिवशी अर्ध्या चढावरच उतरल्या आणि मला ढकलत वर नेलं. तिसऱ्या दिवशी एकदा चढलो. पंधरा दिवसांनी पाच वेळा. डिसेंबरात बारा वेळा. कधी पाठीवरच्या पिशवीत तांदूळ भरून आम्ही चढायचो, कारण घाटात पाणी आणि कपडे न्यायचे होते.

पुलाच्या माथ्यावर त्या दोन मिनिटं थांबत. खाली रुळांवरून भुसावळकडची गाडी जायची. त्या तिच्याकडे बघत माझ्याशी बोलायच्या. माझ्याशीच, कारण तिथे दुसरं कोणी नसायचं. "घरात आवाजच नाही गं," एकदा म्हणाल्या. "कुकरची शिट्टी झाली की मीच दचकते." हे त्यांनी बडोद्याच्या फोनवर कधी सांगितलं नव्हतं. फोनवर वेगळंच चालायचं.

"मम्मी, तू पागल छे के शुं? या वयात घाट?" योगिता ओरडायची. "पडलीस तर तिथे तुला बघणार कोण?"

"आत्तासुद्धा कोण बघतंय?" असं ताईंच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. पण त्या म्हणाल्या, "नाही पडत बेटा. मजेत आहे मी."

जानेवारीच्या सुरुवातीला परीक्षा होती. हजीऱ्याच्या रस्त्याने जाऊन परत यायचं. जी पूर्ण करेल तीच सापुताऱ्याला, असा जयश्रीबेनचा नियम होता. समुद्राकडून असा वारा येत होता की गियर हलका करूनही मी जागची हलत नव्हते. बाकीच्या अकरा जणी पुढे गेल्या, दिसेनाशा झाल्या. कारखान्यांच्या चिमण्या, मोठमोठे ट्रेलर आणि आम्ही दोघी. ताई एकदाही उतरल्या नाहीत. परत पोचलो तेव्हा चहा पिऊन सगळ्या पांगल्या होत्या. एकट्या जयश्रीबेन फुटपाथवर बसून होत्या. "पूर्ण केलंत ना? बस," त्या म्हणाल्या. "वेळ कोणी विचारत नाही."

मला केवढा आनंद झाला! मी डोंगर बघणार होते. पण त्याच परतीच्या वाटेवर माझ्या मानेत, जिथे हँडल फ्रेममध्ये शिरतं तिथे, काहीतरी तुटलं. केसाएवढं. वरून रंग होता, म्हणून कोणाला दिसलं नाही.

मी कुरकुरायला लागले. ताई पायडलवर उभ्या राहिल्या की मानेतून आवाज यायचा. त्यांनी शिलाई मशीनचं तेल आणून सोडलं. आवाज थोडा कमी झाला, पुन्हा सुरू झाला. पुन्हा तेल. मित्रांनो, खरं सांगते, तेव्हा मलाही वाटत होतं की आवाज येऊ नये. आवाज आला तर मला नेणार नाहीत. एकदा तर मी तेल सुकेपर्यंत अगदी गुपचूप चालले.

निघायला तीन दिवस राहिले होते. पुलावरचा शेवटचा सराव. चढाच्या मध्यावर मानेतून 'कट्' असा आवाज आला. ताई उतरल्या. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली, बूच उघडलं, आणि हात तसाच थांबला. बराच वेळ त्या माझ्या मानेकडे बघत राहिल्या. मग बूच लावलं, आणि माझ्यावर न बसता मला हाताने धरून टपरीपर्यंत चालत आणलं.

हेमराजभाऊंनी हँडल काढलं, फडक्याने पुसलं, नखाने रंग खरवडला.

"ताई, आठे दख," मानेवर बोट ठेवत ते म्हणाले. "तडा पडेल शे."

"मंग? जोडी दे ना."

"जोडसू, पन घाटले नई चालाव. हाई तुले वर लई जाई, खाले आनाव नई. उताराले मान तुटी, अन् तू दरीमा."

ताई टपरीच्या बाकावर बसल्या. 

"योगिताना पप्पा म्हनत व्हतात, गॅस शे," त्या म्हणाल्या. "मी ओवा दिधा. दखं नई. अन् आते हिले तेल दी ऱ्हायनू."

हेमराजभाऊंनी पाना खाली ठेवला. "आज थांबनी ना तू?" ते म्हणाले. "आज दखं."

ताई रडल्या. छगनभाऊ गेले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं, चुलीपासून चहापर्यंत सगळं त्यांनाच बघावं लागलं होतं. रडायला जागा मिळाली नव्हती. ती त्या टपरीत मिळाली.

"मी आता नाही येत," त्यांनी संध्याकाळी जयश्रीबेनना सांगितलं.

"सायकल मोडलीय, तुमचे पाय नाही मोडले," जयश्रीबेन म्हणाल्या. त्यांनी बहिणीची सायकल आणून दिली. लाल, हलकी, नवी.

निघायच्या सकाळी टेम्पो दारात आला. बारा सायकली एकीवर एक चढल्या, त्यांच्या घंट्या वाजत होत्या. मी जिन्याखाली होते, हँडल सुटं करून शेजारी ठेवलेलं. ताई उतरल्या. माझ्यापाशी थांबल्या. काही बोलणार होत्या, तेवढ्यात हॉर्न वाजला आणि त्या गेल्या. लाल सायकलचा मला राग आला का? आला. अडीच महिने मी चढले, आणि डोंगर तिला मिळाला. पण ताई घाट उतरत असतील तेव्हा त्यांच्या हाताखाली धड मान असेल, हा विचार मी धरून ठेवला. इमारत दोन दिवस शांत होती. मला पावलं ओळखता येतात, पण नसलेली पावलं ऐकणं फार कठीण असतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर त्या आल्या. नाक उन्हाने सोललेलं, गुडघा खरचटलेला. वर न जाता माझ्या शेजारच्या पायरीवर बसल्या, आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. शेवटच्या चढाला पाच जणी मागून येणाऱ्या टेम्पोत बसल्या. ताई बसल्या नाहीत. एका वळणावर पडल्या, उठल्या. "हा बारावा पूल, हा तेरावा पूल, असं मोजत चढले गं," त्या म्हणाल्या. सगळ्यांत शेवटी, पण सायकलवर बसूनच वर पोचल्या. वर बाकीच्या घरी फोटो पाठवत होत्या. ताई तळ्याच्या काठी बसल्या. एवढं मोठं काम केलं, आणि दार उघडून 'आलीस का?' म्हणणारं घरी कोणी नाही, हे त्यांना तिथे कळलं.

फोन वाजला. योगिता होती.

"मम्मी! पोचलीस घरी? कशी आहेस?"

ताईंनी तोंड उघडलं. 'मजेत' हा शब्द येणार हे मला माहीत होतं. तो आला नाही.

"घाट चढले बेटा," त्या म्हणाल्या. मग फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "पण बरं नाही वाटत मला. दोन वर्षं झाली. घर खायला उठतं. रात्रीचा स्वयंपाकच करत नाही मी. तुला खोटं सांगत होते."

 पलीकडून योगिताचा आवाज आला, लहान मुलीसारखा. "मम्मी, मी पण 'मजेत आहे' म्हणून खोटंच सांगत होते गं."

दोघी अंधार पडेपर्यंत बोलत होत्या. शनिवारी योगिता आली. येताना बदलीचा अर्ज देऊन आली, सुरतेत जागा निघेल तेव्हा निघेल. तिने मला ओळखलं, माझ्या मोडक्या मानेवर हात ठेवला आणि आईचा खरचटलेला गुडघा नर्ससारखा तपासला. त्या संध्याकाळी वरून फोडणीचा वास जिन्याखालपर्यंत आला.

माझी फ्रेम आता कामाची नाही. माझी चाकं, चेन आणि गियर हेमराजभाऊ दुसऱ्या सायकलींना लावणार आहेत. वाईट वाटतं, पण जिन्याखाली गंजण्यापेक्षा ते बरं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू कुरकुरत असेल तर नुसतं तेल सोडून गप्प करू नका, वाकून बघा. आणि घरातलं एखादं माणूस फोनवर रोज 'मजेत आहे' म्हणत असेल, तर त्याला आणखी एकदा विचारा. ते लगेच सांगणार नाही. जरा थांबा. फोन ठेवू नका.