नसलेल्या काकांचं सुतक

संस्थान विलीन झालं, नवी कचेरी उघडली आणि अंबादासची मिरजेहून कोल्हापुरात बदली झाली. मंगळवार पेठेत बयाबाईच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या तेव्हा गडी खूश होता. खोल्या स्वच्छ, अंगणात नळ, भाडं बेताचं. भिंतीपलीकडं तालीम आहे हे कुणी सांगितलं नाही आणि यानंही विचारलं नाही. शहाण्या माणसानं घर बघायला सकाळी जावं. हा गेला भर दुपारी, सगळी गल्ली जेवून घोरत असताना!

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पलीकडं शड्डू घुमले. मग दारात म्हशी आल्या, धारेच्या चरव्या वाजल्या, आणि दुधात पाणी आहे की पाण्यात दूध यावर गिऱ्हाइकांची जुंपली. या गल्लीत माणसं एकमेकांच्या शेजारी उभी राहूनही नदीपलीकडच्याला हाक मारावी तशी बोलायची. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण संध्याकाळी हलगी सुरू व्हायची. चैत्रात तालमीची सासनकाठी जोतिबाच्या डोंगराला जायची, आणि तो उंच वेळू हलगीच्या तालावर नाचवायचा म्हणजे सराव नको? यंदा हलगीचा मान पहिल्यांदाच बयाबाईच्या पोराला, आकारामला, मिळाला होता. तो जाळावर हलगी तापवून घ्यायचा आणि टिपरी अशी हाणायचा की अंबादासच्या फडताळातल्या कपबशा थरथरायच्या.

कपबशांचं काही नव्हतं. आत पलंगावर कालिंदी होती. तिला चौथा महिना होता. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्यातच सगळं संपलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की हिला झोप हवी, दचकणं नको. आणि ही तर पहिल्या टिपरीला दचकायची, पोटावर हात दाबून छताकडं बघत राहायची.

मग सांगावं की सरळ! पण तिथंच घोडं पेंड खात होतं. अंबादासच्या आईनं, माईनं, निघताना शपथ घातली होती, "पाचवा सरेपर्यंत कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका. दोनदा दृष्ट लागलीय." म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तरी एकदा तो बयाबाईकडं गेलाच. "मावशी, संध्याकाळी ती हलगी जरा..."

"का वो पावणं? काय झालं हलगीला?"

"नाही, म्हणजे... त्रास होतो."

"कशाचा तरास?"

आता काय सांगणार, कपाळ! बयाबाई खो खो हसली. "कोल्हापुरात ऱ्हायचं आन् हलगी नको? उद्या म्हणशीला म्हशी मुक्या पायजेत!"

त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला एक म्हातारा वारला. हलगी खुंटीला गेली, पैलवानसुद्धा हळू बोलायला लागले. कालिंदी त्या रात्री गाढ झोपली. तीन दिवसांनी पुन्हा टिपरी पडली आणि अंबादासच्या डोक्यात किडा वळवळला.

कचेरीत टिपणं लिहिता लिहिता त्यानं नातेवाईक निवडायला घेतले. मावशी मारावी तर सुतक अगदीच थोडं. चुलता मात्र भरभक्कम, चांगला दहा दिवसांचा. आणि त्याचे वडील एकुलते एक! जो काका जन्मालाच आला नाही त्याला मारल्याचं पाप कुणाला लागणार? संध्याकाळी तो मान खाली घालून बयाबाईसमोर उभा राहिला. "मावशी, सोलापूरचे काका गेले. तार आली."

बयाबाईनं कपाळावर हात मारला. "आरं द्येवा!" आणि तिथूनच ओरडली, "आकाराम! ठेव ती हलगी! पावण्याच्या घरात सुतक हाय!"

आकारामनं जाळ विझवला. गल्ली शांत झाली. कालिंदी झोपली. झोपला नाही तो अंबादास. हलगी होती तेव्हा निदान कशावर तरी चिडता यायचं. आता तो या कुशीवरून त्या कुशीवर नुसता तळमळत होता. बायकोलाही त्यानं काही सांगितलं नव्हतं.

दुसरा दिवस रविवार. तो अंगणात आंघोळ करत होता, तेवढ्यात बयाबाई टोपलीत भाकरी आणि पिठलं घेऊन सरळ खोलीत शिरली. "ऊठ पोरी. दुखवट्याच्या घरात चूल पेटवू ने. कडू घास हाय ह्यो, न्हाई म्हणू ने." कालिंदी अर्धवट झोपेत होती. तिला काही उमजलं नाही, पण आपल्यापुढं कुणी प्रेमानं धरलेली भाकरी तिनं हात पुढं करून घेतली.

अंबादासनं दारातून ते पाहिलं. पोटुशीच्या तोंडात मयताचा घास! तो ओल्या अंगानं धावला आणि त्यानं तिच्या हातावर फटका मारला. भाकरी जमिनीवर पडली.

बयाबाई ताडकन उभी राहिली. "आमची भाकरी इटाळली व्हय तुमच्यात?" तिचा आवाज तालमीपर्यंत गेला. पैलवान दारात जमले. ते दिवस असे होते, की जातीवर गेलेल्या एवढ्या एका वाक्यावर त्याला बिऱ्हाड उचलावं लागलं असतं. अंबादास "तसं नाही हो, तसं नाही" एवढंच म्हणत राहिला.

"कडू घास?" कालिंदीनं विचारलं. "अहो, कोण गेलं?"

त्याचं पडलेलं तोंड आणि कालपासून गप्प झालेली हलगी, यावरून तिला सारं कळलं. तिनं बयाबाईचा हात धरला, तिला खाली बसवलं आणि तो हात आपल्या पोटावर ठेवला. "मावशी, कोणी गेलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "हे तिसरं. पहिली दोन राहिली नाहीत. माईंनी कुणाला सांगू नका म्हटलं, आणि मला झोप मिळावी म्हणून ह्यांनी हा उद्योग केला."

बयाबाईचा आ वासला. मग आयुष्यात पहिल्यांदाच असेल, ती कुजबुजली, "बरोबर हाय म्हातारीचं. सांगू ने." आणि अंबादासकडं वळून, तेवढ्याच हळू, "मुडद्या! दुसरं काय सुचलं न्हाई व्हय तुला?" तिनं भाकरी उचलून डोळ्यांना लावली, पदराखाली घेतली आणि दारात जाऊन गरजली, "काय बघाया आलाईसा? काकाच्या दुख्खानं पावण्याचं डोस्कं फिरलंय! सुतक फिटंस्तवर हलगीला कुणी हात लावला तर हात मोडून ठेवीन!"

सुतक फिटेपर्यंत सरावाचे दिवस संपणार होते, म्हणजे यंदाची हलगी हुकलीच. यंदाचा मान आकारामचा, आणि तो बयाबाईचाच पोरगा. सगळे पांगले, तो तेवढा मागं राहिला. आता हा काय बोलतो म्हणून अंबादास अंग चोरून उभा राहिला. आकारामनं आपला राकट हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"हलगीचं काय न्हाई, फुडल्या साली वाजवू. लई जवळचं होतं व्हय वो?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण अंबादासला जन्माआधीच गेलेली ती दोघं आठवली. त्यांचं सुतक कुणी धरलं नव्हतं. त्यांच्यासाठी कुणी भाकरी आणली नव्हती, की कुणी खांद्यावर हात ठेवला नव्हता. दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी तो मुकाट्यानं कचेरीत जाऊन टिपणं लिहीत बसला होता.

"फार जवळचं," तो म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा मोठ्यानं रडायला लागला.